झिपरीच्या केसांतलं तेल

न्हाव्याच्या पोरीला सगळे झिपरी म्हणत. गंमत अशी की तिच्याइतके नीट विंचरलेले केस त्या अख्ख्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाचे नव्हते. लहानपणी ती कंगवा पाहिला की पलंगाखाली शिरायची, तेव्हा हे नाव पडलं. पुढे झिपऱ्या गेल्या, नाव तेवढं राहिलं. आता ती अकरा वर्षांची होती आणि रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बापाकडून दोन वेण्या घालून घ्यायची.

मोठ्या दवाखान्यात तपासणीला जायचं होतं त्या दिवशी तर न्हाव्याने हात राखून काही केलं नव्हतं. गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरने दिलेल्या चिठ्ठीवर तीनच गोष्टी होत्या: तारीख, वेळ साडेदहा, आणि "जागरण करून आणणे". मेंदूचा आलेख काढायचा तर पोर तिथे झोपली पाहिजे, आणि तिथे झोपायची तर आधी जागी राहिली पाहिजे, असं सिस्टरने समजावलं होतं. म्हणून त्याने तिला दोन वाजताच उठवलं आणि पुन्हा डोळ्याला डोळा लागू दिला नाही. बायकोला सुटी मिळाली नव्हती. पहाटेच कामावर जाताना ती एवढंच म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात चाललाय. पोर जरा नीटनेटकी दिसू दे. तिथले लोक माणसाच्या अवतारावरून बोलतात."

मग त्याने तेल कोमट केलं, तळहातावर घेऊन पोरीच्या डोक्यात मुरेपर्यंत जिरवलं, आणि दोन अशा घट्ट वेण्या घातल्या की आरशात बघून झिपरी म्हणाली, "बाबा, भुवया वर ओढल्या गेल्या. आता मी दिवसभर आश्चर्यचकितच दिसणार."

ही तारीख मिळायला आठ महिने लागले होते. आठ महिन्यांपूर्वी शाळेत प्रार्थनेच्या वेळी झिपरीला फिट आली, आणि शाळेने सांगितलं, मोठ्या डॉक्टरांचा कागद आणा, मगच पोरीला पाठवा. गावचे डॉक्टर म्हणाले, चालू गोळी लागू पडत नाही, पण ती बदलायची तर आलेख बघूनच, आणि ते मशीन आपल्याकडे नाही. मशीन होतं पाच तासांच्या प्रवासावर. तेही एक, आणि ते चालवणाऱ्या बाई एक. तेव्हापासून झिपरी वर्गात बसायची ती दुकानात बसत होती, गिऱ्हाइकांचे टॉवेल घड्या करत. वर्ष असंच गेलं होतं. आजची तारीख हुकली की पुढची पुन्हा आठ महिन्यांनी, म्हणजे दुसरंही वर्ष गेलंच.

बसमध्ये तिला जागं ठेवता ठेवता न्हाव्याचा घसा बसला. कोडी संपली, गाण्याच्या भेंड्या संपल्या. दवाखान्याच्या बोळात बाकावर टेकले तेव्हा दहा वाजले होते आणि पोरीच्या पापण्या शिशाच्या झाल्या होत्या.

"पाढे म्हण," तो म्हणाला.

"बाबा, आज पाढे? मी आजारी आहे."

"बाराचा म्हण. बाराचा येत नसलेली माणसं जास्त आजारी दिसतात."

ती हसली आणि म्हणू लागली. तो वरवर हसत होता, पण त्याचं लक्ष तिच्या बोटांवर होतं. फिट यायच्या आधी तिची बोटं फ्रॉकचं टोक चिमटीत धरून ओढायला लागत. झोप मोडली की फिट लवकर येते, हेही सिस्टरने सांगितलं होतं. म्हणजे ज्या जागरणाशिवाय तपासणी नाही, तेच जागरण पोरीच्या जिवावर उठू शकत होतं. तो एक डोळा बोटांवर आणि एक डोळा घड्याळावर ठेवून बसला होता.

दहा चाळीसला नाव पुकारलं. आत एक अरुंद खाट, शेजारी मशीन, त्यातून निघालेल्या रंगीत वायरींचा गुंता. मशीनवाल्या बाई चटपटीत होत्या. "ये गं राणी," म्हणत त्यांनी झिपरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि लगेच उचलून बघितला. हात चकाकत होता.

"तेल लावलंय?"

"हो," न्हावी जरा अभिमानानेच म्हणाला. "घरचं, कोमट करून."

बाईंनी खाली मान घातली. "अहो, तेलावर वायर चिकटत नाही. केस कोरडे ठणठणीत लागतात. असा आलेख काढला तर नुसत्या रेघोट्या उमटतील. दुसरी तारीख घ्या."

न्हाव्याने खिशातली चिठ्ठी पुढे केली. "बाई, असं करू नका. आठ महिने थांबलोय."

"मलाही कळतं हो. पण साडेअकरापर्यंतच बाहेरचे पेशंट. नंतर वॉर्डातले. माझ्या जोडीला दुसरी बाई होती, तिची जागा दोन वर्षं रिकामी आहे. मी एकटी कुणाकुणाला पुरू? नाहीतर खासगीत जा, उद्यासुद्धा होईल."

खासगीतलं काय ते न्हाव्याला ठाऊक होतं. ते ठाऊक होतं म्हणूनच तो इथे होता.

"आणि साडेअकरापर्यंत मी हे डोकं धुवून, वाळवून आणलं तर?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्या दोन चकचकीत वेण्यांकडे. "पन्नास मिनिटांत? एवढं तेल?" मग हळूच म्हणाल्या, "आणा. पण झोपू देऊ नका. झोपली तर सगळंच मुसळ केरात."

मागच्या अंगणात एक नळ होता. त्याला धार नव्हती, थेंबच होते, आणि साबणाची वडी कुणीतरी साखळीने बांधून ठेवली होती. न्हाव्याने एकच वेणी उलगडून ओली केली आणि थांबला. वीस वर्षं लोकांची डोकी हाताळलेला माणूस तो. थंड पाण्याने आणि वडीने हे तेल जाणार नाही, उलट पसरेल, हे त्याच्या बोटांना लगेच कळलं. गरम पाणी हवं, शाम्पू हवा, दोनदा-तीनदा धुवायला हवं. आणि ते सगळं जिथे असतं ती जागा त्याच्याइतकी चांगली कोण ओळखणार?

रस्त्यापलीकडे काचेच्या दाराचं एक सलून होतं. त्याने झिपरीला उचललंच.

"मला चालता येतं," ती पेंगत म्हणाली.

"येतं तर. पण मला पळायचंय."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तीन खुर्च्या, मागे मानेला खाच असलेलं बेसिन, भिंतीवर गीझर आणि त्याच्या वर मोठं घड्याळ. चष्मा कपाळावर सरकवलेला एक जाडजूड सलूनवाला पेपर वाचत होता.

"दादा, दुकान उघडंय ना?"

"दार उघडं, मी उघडा डोळा ठेवून बसलोय, आणखी काय उघडायचं? बसा. तुमचं करायचं की ताईंचं?"

"हिचं. नुसते केस धुवायचेत, तेल काढायचंय. मीही याच धंद्यातला आहे, दादा. बेसिन आणि गरम पाणी द्या, धुतो माझा मी."

सलूनवाल्याने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा होता. "मग असं बोला की! कारागिराला बेसिन नाही म्हटलं तर उद्या माझी कात्री चालायची नाही. शाम्पू तो घ्या, हिरवा. तेल खातो तो." त्याने नळाला हात घातला आणि सहज विचारलं, "समोरून आलात वाटतं. काय झालंय पोरीला?"

"काही नाही. डोकं दुखतं जरा."

हे उत्तर न्हाव्याच्या तोंडात तयारच असायचं. गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, पाहुण्यांना. पित्त आहे, चक्कर येते, डोकं दुखतं.

पण झिपरी बेसिनच्या खुर्चीत चढून बसली होती, आणि तिला सिस्टरने वेगळंच शिकवलं होतं. ती गंभीरपणे म्हणाली, "काका, मला फिट येते. आली तर घाबरू नका. मला कुशीवर झोपवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तरच डॉक्टरांना बोलवायचं."

सलूनवाल्याचा हात नळावरच राहिला. त्याने पाणी सोडलं नाही.

"अहो, हे आधी नाही का सांगायचं?" तो न्हाव्याला बाजूला घेऊन म्हणाला. "नको, बाबा. माझ्याकडे इथे वस्तरे, कात्र्या. काही बरंवाईट झालं तर? दुसरीकडे बघा."

न्हाव्याला कुणीतरी कानशिलात मारावी तसं झालं. शब्दसुद्धा तेच होते.

"दादा," तो म्हणाला, "हे वाक्य माझं आहे."

"म्हणजे?"

"माझ्या दुकानात एक रंगारी यायचा. एकदा अर्धी दाढी झाली असताना त्याला खुर्चीत फिट आली. मी नाकाशी चप्पल धरली, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला म्हणालो, पुन्हा येऊ नका, माझ्याकडे वस्तरे असतात. तो तसाच उठला. एका गालाला फेस, दुसरा गाल साफ. तसा भर रस्त्यातून चालत गेला. पुढे दोन वर्षांनी माझ्या पोरीला पहिली फिट आली."

सलूनवाल्याने भिंतीकडे पाहिलं. घड्याळात दहा अठ्ठावन्न झाले होते.

"मग त्या रंगाऱ्याचं काय झालं?"

"दाढी वाढवली त्याने. अजून आहे."

सलूनवाल्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, खुर्चीत बसलेल्या पोरीकडे पाहिलं. मग फळीवरचे वस्तरे मिटले, कात्र्या गोळा केल्या, सगळं खणात टाकून किल्ली फिरवली.

"हे घ्या, गेले वस्तरे. किती वाजेपर्यंत द्यायचंय डोकं?"

"साडेअकरा."

"आणि तुम्ही गोष्टी काय सांगत बसलात? सोडा वेण्या!"

पहिल्या धुण्याला फेसच आला नाही. तेलाने सगळा गिळला. न्हाव्याने पाणी ओतलं, पुन्हा शाम्पू घेतला. सकाळी ज्या बोटांनी मायेने तेल जिरवलं होतं, त्याच बोटांनी तो आता ते उपसून काढत होता. गरम पाण्याने झिपरीची मान सैल पडू लागली.

"झोपू नकोस. तेराचा म्हण."

"तेरा एके तेरा... बाबा, न्हाव्याचे केस कोण कापतं?"

"दुसरा न्हावी. पुढे."

"मग त्या दुसऱ्याचे?"

"मीच," सलूनवाला ड्रायरची वायर सोडवत म्हणाला. "म्हणून तर आम्ही एकमेकांशी भांडत नाही. म्हण गं ताई, मलाही येत नाही तेराचा."

"तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न..."

दुसऱ्या धुण्याला थोडा फेस आला. तिसऱ्याला केस बोटांखाली करकरले, आणि न्हाव्याचा जीव जरासा भांड्यात पडला. अकरा अकरा झाले होते.

"तेरा पंचे पासष्ट, तेरा सक..."

पुढचा आकडा आला नाही.

त्याने खाली पाहिलं. झिपरीची बोटं खांद्यावरच्या टॉवेलचं टोक चिमटीत धरून ओढत होती. एकदा, दोनदा, तीनदा. डोळे उघडे होते, पण त्यांत ती नव्हती.

"झिपरे?"

अंग ताठ झालं तेव्हा ती त्याच्या हातांतच होती. त्याने तिला खाली फरशीवर घेतलं, कुशीवर वळवलं, ओला टॉवेल गुंडाळून डोक्याखाली सारला. हातपाय झटके देऊ लागले. ओले केस फरशीवर आपटत होते आणि पाणी उडत होतं.

सलूनवाल्याचा हात आपसूक पायातल्या चपलेकडे गेला होता.

"चप्पल नको!"

"मग दातांत चमचा? जीभ चावेल तिची!"

"तोंडात काही घालायचं नाही. खुर्ची ओढा बाजूला. आणि घड्याळ बघा, दादा. मोठ्याने सांगा."

खुर्ची करकरत बाजूला गेली. सलूनवाल्याचा आवाज फाटला होता, पण तो सांगत राहिला. "अर्धं मिनिट. पाऊण. एक झालं."

न्हावी तिच्या पाठीला हात लावून बसला होता. धरायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं जवळ असायचं. आठ महिन्यांत हे त्याने कितीदा केलं होतं, पण दर वेळी तेच वाटायचं: ही वेळ संपलीच नाही तर?

"दीड. अहो, थांबत नाहीये."

"थांबेल."

"दोन मिनिटं. बोलवू का कुणाला? समोरच तर आहे दवाखाना!"

"पाचपर्यंत थांबायचं. तुम्ही घड्याळ सोडू नका."

"सव्वादोन." सलूनवाला आता जवळजवळ ओरडत होता. "अडीच!"

झटके विरळ झाले. एक. मग बऱ्याच वेळाने आणखी एक. मग पोरीने खोल, घरघरता श्वास घेतला आणि तिचं अंग सैल पडलं. न्हाव्याने तिच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली आणि थोडा वेळ तिचा श्वास ऐकत राहिला. सरळ, एकसारखा.

सलूनवाला खुर्चीच्या हातावर टेकला होता. त्याचं कपाळ घामाने डबडबलं होतं. "एवढंच करायचं असतं? नुसतं घड्याळ बघायचं?"

"एवढंच."

"हे मला पन्नासाव्या वर्षी एका पोरीने शिकवावं," तो पुटपुटला. मग घड्याळाकडे पाहून दचकला. "सव्वाअकरा! उचला तिला, मी ड्रायर धरतो."

एकाने पोरीला मांडीवर धरलं, दुसऱ्याने केस वाळवले. फिट येऊन गेली की तिला झोप अनावर होते. न्हावी तिच्या कानाशी बोलत राहिला, गालावर टिचक्या मारत राहिला. "झिपरे, अजून नाही. अजून थोडं." ती डोळे अर्धवट उघडायची, मिटायची. सलूनवाल्याने मुळांपाशी हात घालून पाहिलं, आणखी वारा दिला, पुन्हा पाहिलं. घाईत अर्धवट ओलं डोकं नेलं तर एवढं सगळं पाण्यात जायचं.

साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना ते बाहेर पडले. न्हाव्याच्या खांद्यावर पोर, आणि पुढे सलूनवाला, गळ्यातला टॉवेल हातात घेऊन गाड्या थांबवत. "थांबा, थांबा हो! दिसत नाही का?" दवाखान्याचा जिना, लांबलचक बोळ, आणि बोळाच्या टोकाला दार. दारातला शिपाई कडी लावत होता.

"झाली वेळ. साडेअकरा होऊन चार मिनिटं झाली."

"चार मिनिटं!" सलूनवाला धापा टाकत म्हणाला. "आठ महिन्यांच्या पुढ्यात चार मिनिटं मोजतोस, भल्या माणसा?"

"मोजायला मलाच ठेवलंय इथे," शिपाई म्हणाला, आणि कडीवरचा हात त्याने काढला नाही.

आतून बाईंचा आवाज आला. "कोण आहे? तेलवाली पोर का? सोड रे आत. वायरी पुसायला मला आज जरा उशीरच झालाय."

खाटेवर ठेवल्यावर बाईंनी झिपरीच्या केसांत बोटं घातली, मुळापर्यंत नेली, आणि न्हाव्याकडे पाहिलं. "हे तुम्ही केलंत? पन्नास मिनिटांत?"

"आम्ही दोघांनी. बाई, मध्येच तिला फिट आली. अकरा अकराला सुरू झाली, अडीच मिनिटांच्या वर होती."

"बरं झालं वेळ पाहिलीत. लिहून घेते. डॉक्टरांना ते लागेलच."

एकेक वायर चिकटत गेली. झिपरी तोवर गाढ झोपली होती, आणि आता कुणी तिला उठवलं नाही. पडद्यावर रेघा धावू लागल्या. बारीक, थरथरत्या, शिवणीच्या टाक्यांसारख्या. मध्येच काही रेघा एकदम टोकदार उसळत आणि खाली येत. न्हाव्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आठ महिन्यांत पहिल्यांदा पोरीच्या डोक्यातलं काहीतरी कुणीतरी लिहून ठेवत होतं.

तो स्टुलावर बसून भिंतीकडे पाहू लागला, आणि तिथे त्याला ती पाटी दिसली. चौकटीत बसवलेली, मोठ्या अक्षरांतली. "तपासणीच्या आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवावेत. तेल लावू नये. चालू औषध बंद करू नये."

"बाई, ही पाटी इथे आत आहे?"

"दुसरीकडे कुठे लावणार?"

"इथे आत आलेला माणूस तेल लावूनच आलेला असतो."

बाई वायर नीट करायच्या थांबल्या. "खासगीवाले आदल्या दिवशी फोन करून सांगतात. आम्हाला गावोगावच्या दवाखान्यांना कागद पाठवायचा असतो. तो कधी जातो, कधी नाही जात."

"मग दिवसाला किती जण असे येतात?"

"जवळचे फारसे नाहीत. लांबचे, पाच-सहा तासांवरून येतात ना, ते येतात. ते तर घरून पोराबाळांना नटवूनच आणतात."

"आणि परत जातात."

"परत जातात," बाई म्हणाल्या.

झिपरी जागी झाली तेव्हा तिच्या कपाळावर वायरींचे गोल ठसे उमटले होते. ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर."

न्हाव्याने तोंड फिरवलं आणि खिशात रुमाल नव्हता म्हणून शर्टाच्या बाहीनेच डोळे पुसले. "पुढे?" त्याने विचारलं.

"पुढचं उद्या," झिपरी म्हणाली. "मला भूक लागलीये."

पंधरा दिवसांनी कागद मिळणार होता. तो बघून डॉक्टर गोळी ठरवणार होते आणि शाळेसाठी लिहून देणार होते. ती गोळी गावच्या दवाखान्यात मिळेल की नाही, हे बाईंनाही सांगता आलं नाही. त्याने चिठ्ठीच्या पाठीवर पाटीतले शब्द उतरवून घेतले, गावच्या सिस्टरला द्यायला. एक प्रत आपल्या आरशाला चिकटवायची, आणि रंगाऱ्याच्या घरी जायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. वस्तरा घेऊन नाही. आधी नुसतंच जायचं.

बोळात सलूनवाला अजून बाकावर बसला होता. दुकान उघडं टाकून आलोय म्हणत होता आणि उठत मात्र नव्हता. त्याच्या पलीकडे, भिंतीला टेकून, एक म्हातारी आणि तिची तरुण सून बसली होती. दोघींच्या पायांवर प्रवासाची धूळ होती. सुनेच्या मांडीवर औषधाची पिशवी होती, आणि डोक्यावर इतका घट्ट, इतका चकचकीत अंबाडा की खिडकीचा उजेड त्यात दिसत होता.

न्हावी थबकला.

"आजी, तुमची वेळ कधीची?"

"उद्या सकाळची आहे, बाबा. लांबून आलो, म्हणून आजच येऊन बसलो."

"आणि सूनबाईच्या डोक्याला तेल कुणी लावलं?"

"मीच की," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात यायचं म्हणून."

न्हाव्याने सलूनवाल्याकडे पाहिलं. सलूनवाल्याने एक लांब उसासा टाकला, गळ्यातला टॉवेल झटकला आणि उठून उभा राहिला.

"चला, आजी," तो म्हणाला. "समोरच दुकान आहे माझं. पाणी गरमच आहे."